६.२ अधिक ६.२ बरोबर ६.४

अकरावीच्या वर्गात लॉग टेबल पहिल्यांदा हातात दिलं की दरवर्षी तेच होतं. मुलं ते पातळसं पुस्तक उलटसुलट करून बघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, मोबाइलवर सेकंदात येतंय की." येतं, खरं आहे. पण बारावीच्या बोर्डाच्या पेपरवर सूचना छापलेली असते की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. म्हणून फिजिक्स-केमिस्ट्री घेतलेल्या प्रत्येकाला हे शिकावं लागतं. लातूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून मला सतरा वर्षं झाली. हा भाग मी कधी उरकून टाकत नाही. घातांक आणि लॉग असलेल्या फंक्शनमध्ये एक आकडा घालून किंमत काढणं वरवर फार सोपं दिसतं, आणि माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात जास्त तिथेच पडतात.

आमच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकात 'किंमत काढा' असं असायचं. मला तो शब्दप्रयोग अजून आवडतो. बाजारात वस्तूची किंमत काढताना माणूस ती हातात घेऊन, वजन बघून, अंदाज बांधूनच काढतो. फंक्शनचीही तशीच काढावी.

यंदा उदाहरणाला मी भूकंपाचं सूत्र घेतलं. इतकी वर्षं टाळत होते. रासायनिक अभिक्रियेचा वेग, किरणोत्सर्गी पदार्थाचं अर्धायुष्य, सामू, असली उदाहरणं पुरत होती. पण आता वर्गात बसलेल्या मुलांचा जन्म किल्लारीनंतर बऱ्याच वर्षांनी झालेला आहे. त्यांच्यासाठी ती आजी-आजोबांनी सांगितलेली गोष्ट आहे. म्हटलं, आता फळ्यावर लिहिता येईल.

सूत्र असं. भूकंपाचं परिमाण म, आणि लहरींच्या रूपात बाहेर पडलेली ऊर्जा ऊ, ज्यूलमध्ये. मग

लॉग ऊ = ४.८ + १.५ म

म्हणजेच

ऊ(म) = १०^(४.८ + १.५ म)

लॉगचा पाया १०, म्हणजे १० चा कितवा घात केला की एखादी संख्या येते, तो आकडा म्हणजे तिचा लॉग. गुटेनबर्ग आणि रिश्टर या दोघांनी १९५६ साली हे मांडलं, तेव्हा त्यात ४.८ च्या जागी ११.८ होतं, कारण ते ऊर्जा अर्गमध्ये मोजत होते. एक ज्यूल म्हणजे १०^७ अर्ग, म्हणून ११.८ मधून ७ वजा. गुणाकार-भागाकाराचं काम लॉगमध्ये बेरीज-वजाबाकीवर येतं ते असं. हे मी मुद्दाम सांगते, कारण जुन्या पुस्तकातून ११.८ उचलायचं आणि उत्तरापुढे ज्यूल लिहायचं ही चूक मी स्वतः बी.एस्सी.ला असताना केली होती. सगळी आकडेमोड बरोबर आणि उत्तर एक कोटी पटीने चुकलेलं. दिसायला सूत्रात फक्त सातचा फरक.

सूत्र फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, किल्लारीची किंमत काढा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती निलंग्याकडची. म्हणाली, "मॅडम, आजोबांनी ठेवलेल्या कात्रणात ६.४ आहे, इंटरनेटवर ६.२ आहे, एका पुस्तकात ६.३. कोणतं घालायचं?"

तिच्या शेजारचा मुलगा लगेच बोलला, "काय बी घाल की. ०.२ नी काय होतंय? तीन टक्के फरक येईल."

त्याचा हिशेब मी तपासला. ०.२ भागिले ६.२, म्हणजे ३.२ टक्के. भागाकार अगदी बरोबर होता. तो दिवसभर माझ्या डोक्यात राहिला, कारण त्या मुलाने जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. घातांकात बसलेल्या आकड्याकडे तो जमिनीवर उभा असल्यासारखं बघतात.

मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि ६.२ घालायला सांगितलं.

पहिली पायरी फक्त घातांकाची. १.५ × ६.२ = ९.३. त्यात ४.८ मिळवले की १४.१. इथपर्यंत १० ला हातही लावायचा नाही. वर्गातल्या दोघांनी चोरून मोबाइलवर केलं होतं आणि त्यांचं उत्तर आलं होतं ६३,१०५. त्यांनी १०^४.८ + १.५ × ६.२ असं कंस न घालता दाबलं होतं. यंत्राने सांगितलं तेच केलं, १० चा ४.८ वा घात काढला, ६३,०९६ आला, त्यात ९.३ मिळवले. कागदावर घातांक वर, बारीक अक्षरात लिहिला की सगळं एकत्र आहे हे डोळ्यांना दिसतं, कंस लागत नाही. एका ओळीत टाइप करताना तो कंस आपल्यालाच द्यावा लागतो.

त्या दोघांना मी रागावले नाही. विचारलं, ६३,१०५ ज्यूलमध्ये काय होतं? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४,२०० ज्यूल लागतात. म्हणजे एक लिटर पाणी पंधरा अंशांनी तापेल. चहाचं आधणसुद्धा होणार नाही. दोघं गप्प झाले. त्यातल्या एकाचं गाव त्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरकडचं आहे.

फंक्शनची किंमत काढण्याआधी उत्तर साधारण कुठे पडेल याचा अंदाज वहीच्या कडेला लिहून ठेवा, हे मी वर्षभर सांगत असते. इथे घातांक चौदाच्या थोडा वर आहे, म्हणजे उत्तर एकावर चौदा शून्यं याच्या थोडं पुढे. पाच आकडी उत्तर आलं तर थांबायचं.

दुसरी पायरी घातांक फोडायची. १४.१ म्हणजे १४ अधिक ०.१. म्हणून १०^१४.१ = १०^१४ × १०^०.१. पूर्ण भाग फक्त दशांश चिन्ह कुठे बसेल ते सांगतो. खरा आकडा येतो अपूर्ण भागातून. आपण त्यांना कॅरेक्टरिस्टिक आणि मँटिसा म्हणतो. अँटिलॉगच्या पानावर, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या देणाऱ्या पानावर, .१० च्या ओळीत, ० च्या रकान्यात १२५९ आहे. म्हणून उत्तर १.२५९ × १०^१४ ज्यूल.

इथे एका मुलाने विचारलं की १०^०.१ म्हणजे नेमकं काय, दहाला ०.१ वेळा कसं गुणायचं? प्रश्न फार चांगला होता. ज्या संख्येला स्वतःने दहा वेळा घेऊन गुणलं की १० येतात ती संख्या म्हणजे १०^०.१. १.२५९ ला १.२५९ ने गुणत चला. तीन वेळा घेतले की १.९९५, जवळजवळ २. सहा वेळा घेतले की ४ च्या जवळ. नऊ वेळा, ८ च्या जवळ. आणि दहाव्यांदा, १०. त्याने वहीत खरोखर करून बघितलं. टेबलातल्या आकड्याला सतराव्या शतकापासूनचे कष्ट चिकटलेले आहेत. नेपियरने १६१४ साली लॉगरिदम मांडले, ब्रिग्जने पाया १० चा धरला आणि १६२४ साली चौदा दशांश स्थळांपर्यंतचे तीस हजार लॉग छापले. आपल्या हातातलं चार आकडी टेबल त्याच घराण्यातलं.

आता तोच मुलगा, तेच सूत्र, ६.४. १.५ × ६.४ = ९.६. अधिक ४.८, १४.४. अँटिलॉगमध्ये .४० च्या ओळीत २५१२. म्हणून २.५१२ × १०^१४.

खडू हातात धरून तो दोन्ही ओळी बघत राहिला. १.२५९ आणि २.५१२. दुप्पट.

तीन टक्के म्हणाला होता तिथे शंभर टक्के निघाले. ०.२ ला १.५ ने गुणलं की ०.३, आणि १०^०.३ म्हणजे जवळपास २. हे तोंडपाठ ठेवण्यासारखं आहे, आणि ते का हेही कळण्यासारखं आहे. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे साधारण १०००, म्हणजे १०^३. दहा वेळा २ घेऊन १०^३ मिळतात, तर एक २ म्हणजे १०^०.३. टेबल न उघडता.

मग मी फळ्यावर लिहिलं: ६.२ अधिक ६.२ बरोबर किती?

"१२.४," दोघं-तिघं एकदम.

दोन भूकंप, दोन्ही ६.२ चे, लागोपाठ. एकूण ऊर्जा किती परिमाणाच्या एका भूकंपाएवढी? बेरीज परिमाणांची करायची नाही, ऊर्जांची करायची. १.२५९ × १०^१४ दोनदा, म्हणजे २.५१८ × १०^१४. आता उलट जायचं. म = (२/३)(लॉग ऊ − ४.८). लॉग ऊ = १४.४०१. त्यातून ४.८ गेले, ९.६०१. त्याचे दोन तृतीयांश, ६.४.

६.२ अधिक ६.२ बरोबर ६.४. वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. लॉग(अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब, असं दरवर्षी अर्धा वर्ग लिहितो. लाल पेनने गोल करून ती चूक सुटत नाही. या एका ओळीनंतर यंदा चाचणीत ती फार थोड्यांनी केली.

मग तिचा मूळ प्रश्न, कोणता आकडा घालायचा? तिन्ही आकडे कुणी खोटे छापलेले नाहीत. भूकंपाचं परिमाण वेगवेगळ्या पद्धतींनी काढतात. कोणी जमिनीच्या पोटातून आलेल्या लहरींवरून, कोणी पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरींवरून. १९३५ साली रिश्टरने मांडलेली मूळ मोजपट्टी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी आणि एका ठरावीक प्रकारच्या भूकंपमापकासाठी होती. वर्तमानपत्रांत अजून 'रिश्टर स्केल' लिहितात, पण मोठ्या भूकंपांसाठी आता मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात. हँक्स आणि कानामोरी यांनी १९७९ मध्ये ते मांडलं. खडक किती लांबी-रुंदीच्या पट्ट्यात आणि किती सरकला यावरून ते निघतं. किल्लारीसाठी त्या पद्धतीचा ६.२ हा आकडा बहुतेक याद्यांत दिसतो. म्हणून मी ६.२ घेते, आणि घेताना कुठल्या पद्धतीचा ते लिहिते. आणखी एक, ज्याला आपण सर्रास भूकंपाची 'तीव्रता' म्हणतो ती खरं तर एखाद्या गावात काय पडलं, काय तडकलं, यावरून ठरते आणि गावागणिक बदलते. हा ६.२ म्हणजे परिमाण, पूर्ण भूकंपाला एकच.

एवढं सगळं झाल्यावर १.२५९ मधला ५९ गंभीरपणे घ्यायचा नाही, हेही सांगावं लागतं. सूत्र अनेक भूकंपांच्या नोंदींवरून बसवलेलं आहे, एखाद्या भूकंपात खरी ऊर्जा याच्या कितीतरी पट कमी-जास्त निघू शकते. परिमाणच ०.१ ने इकडे-तिकडे होतं, आणि ०.१ म्हणजे घातांकात ०.१५, म्हणजे १.४ पट. तेव्हा मनात धरायचं ते 'सव्वा गुणिले १०^१४'. पण आकडेमोड करताना मध्येच १४.१ चं १४ करायचं नाही. तसं केलं की उत्तर एक पंचमांशाने घटतं. आकडा गोल करायचा तो शेवटी, वर घातांकात असताना कधीच नाही.

१९९३ साली मी चौथीत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गणपतीची मिरवणूक उशिरापर्यंत चालली आणि गाव दमून झोपलं. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. आमची घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकायची, ती वर्षानुवर्षं साठत जाते. मी, आई आणि धाकटा भाऊ ढेळजेत झोपलो होतो, ढेळज उभी राहिली. आजी आतल्या खणात होती. अण्णांनी आणि शेजारच्यांनी हाताने दगड काढले. उजाडेपर्यंत काढत होते.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे काही महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. त्या काळात ६.४ हा आकडा मी इतक्यांदा ऐकला की तो मला एखाद्या माणसाच्या नावासारखा वाटायचा. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. दहापैकी ६.४ असावेत असं मला वाटे, चौथीतल्या मुलीला मार्क तसेच कळतात. साडेसहा मार्कांत एवढं झालं तर दहापैकी दहा मिळाल्यावर काय होत असेल, या विचाराने झोप लागायची नाही. या मोजपट्टीला दहा हा शेवट नाही, ती शंभरातली टक्केवारीही नाही, हे मला कळलं तेव्हा मी अकरावीत होते.

शेडमध्ये असताना लहान धक्के येत राहायचे. प्रत्येक धक्क्याला सगळे बाहेर. मोठी माणसं आम्हाला समजावायची, "बरं झालं, थोडी थोडी वाफ निघून जातीय, आता मोठा येत न्हाई." त्यांनी ते प्रेमाने सांगितलं, आणि आम्ही त्यावर झोपलो. म्हणून मला त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गात मी त्याचीही किंमत काढून घेतली. ४.२ चा धक्का. घातांक ४.८ + ६.३ = ११.१. ऊ = १.२५९ × १०^११. आकडा तोच, फक्त १४ च्या जागी ११. परिमाण दोनने कमी, ऊर्जा बरोबर एक हजारावा भाग. ६.२ ची वाफ ४.२ च्या धक्क्यांनी काढायची तर असे हजार धक्के लागतील.

दोनच्या फरकाला हजार पट, मग एकच्या फरकाला किती? हजाराचं निम्मं पाचशे, असं उत्तर हमखास येतं. १०^१.५, म्हणजे १० गुणिले १० चं वर्गमूळ, ३१.६. एकच्या दोन उड्या मारल्या की ३१.६ गुणिले ३१.६, तेव्हा कुठे हजार.

भुजचा भूकंप, २६ जानेवारी २००१, परिमाण ७.७. किल्लारीपेक्षा १.५ ने जास्त. घातांकातला फरक २.२५, आणि .२५ चा अँटिलॉग १७७८, म्हणजे १७८ पट ऊर्जा. हेच उलटं विचारलं की मजा बघा: किल्लारी भुजच्या किती पट? १०^(−२.२५). इथे बारची, म्हणजे ऋण पूर्ण भागाच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेची, भानगड येते. टेबलात ऋण मँटिसा नसतोच, म्हणून −२.२५ ला −३ + ०.७५ असं लिहायचं, 'बार थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह'. .७५ चा अँटिलॉग ५६२३, म्हणून ०.००५६२३. जी मुलं −२ तसंच ठेवून .२५ बघतात त्यांचं उत्तर येतं ०.०१७७८, तिपटीहून जास्त चुकलेलं. पडताळा सोपा आहे, १ भागिले १७८ करून बघा.

आणि सगळ्यात मोठा नोंदलेला, चिलीचा, २२ मे १९६०, परिमाण ९.५. घातांक १९.०५. किल्लारीच्या जवळपास ८९ हजार पट ऊर्जा. त्यात गेलेल्यांचे अंदाज एक ते सहा हजारांच्या दरम्यान आहेत, म्हणजे किल्लारीपेक्षा कमी. तिथे दुपार होती, आणि थोड्याच वेळापूर्वीच्या एका मोठ्या धक्क्याने लोक आधीच घराबाहेर आलेले होते. आमच्याकडे पहाट होती, आणि डोक्यावर कित्येक वर्षांची माती होती. ऊ(म) हे फंक्शन ज्यूल सांगतं. त्यात भिंतीसाठी चल नाही, वेळेसाठी नाही. मुलांनी हे विचारायच्या आत मी सांगितलं, कारण मला स्वतःला ते कळायला फार वर्षं लागली.

त्या रविवारी अण्णांकडे गेले. भूकंपानंतर त्यांनी लातूरच्या मार्केट यार्डात बरीच वर्षं हमाली केली, आता थकलेत. मी वर्गातलं सगळं सांगितलं. सव्वा गुणिले दहाचा चौदावा घात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माय, ते पोत्यात सांग की."

सांगितलं. सोयाबीनचं पन्नास किलोचं कट्टं चार मीटर उंच थप्पीवरून खाली आलं तर ५० × ९.८ × ४, म्हणजे १,९६० ज्यूल. लॉग टेबल माझ्या पर्समध्ये होतंच. १,९६० चा कॅरेक्टरिस्टिक ३, एकोणिसाच्या ओळीत सहाच्या रकान्यात २९२३. लॉग ३.२९२३. भागाकार करायचा म्हणजे लॉगमधून लॉग वजा. १४.१ वजा ३.२९२३, १०.८०७७. अँटिलॉग .८०७७ साठी ६.४२. म्हणजे ६.४२ × १०^१०. सहा हजार चारशे वीस कोटी कट्टे, एकदम, थप्पीवरून.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "आन् एका कट्ट्याचा भूकंप कितीचा?"

हा प्रश्न माझ्या वर्गात अजून कुणी विचारलेला नाही. काढला. ३.२९२३ वजा ४.८, −१.५०७७. त्याचे दोन तृतीयांश, −१.००५. उणे एक. अण्णांना उणे भूकंप पटेना. मी म्हटलं, ऊर्जा उणे नाही, ती १,९६० आहे, चांगली घन आहे. लॉगच्या पोटात जाणारी संख्या शून्याहून मोठीच लागते, शून्य किंवा ऋण संख्येला ते फंक्शन उत्तरच देत नाही. पण बाहेर येणारी किंमत ऋण असू शकते. फार बारीक भूकंपांची परिमाणं खरोखर ऋण नोंदवली जातात. अर्थात कट्टं पडल्यावर त्यातली अगदी थोडीच ऊर्जा जमिनीतून लहर होऊन जाते, बाकीची आवाजात, धुळीत आणि पोतं फाटण्यात संपते. सगळीच्या सगळी लहर झाली असं धरलं तरच उणे एक.

"फाटायचं," अण्णा म्हणाले. "चार मीटरवरनं आलं की फाटायचंच."

मग ते हाताने दाखवायला लागले की आपली आतली भिंत केवढी होती. दोन्ही हात पसरून जाडी दाखवली, मग खांद्यापर्यंत, मग वर. एकेक दगड किती किलोचा होता ते सांगितलं. वीस, पंचवीस, तीस. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. आजवर कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी निलंग्याच्या त्या मुलीने वही दाखवायला आणली. तिने तिन्ही आकडे घालून तिन्ही किमती काढल्या होत्या. ६.२ ला १.२५९, ६.३ ला १.७७८, ६.४ ला २.५१२, सगळ्यांपुढे × १०^१४. ६.३ चा मी तिला शिकवलाही नव्हता, १४.२५ तिने स्वतः फोडला होता. "यातल्या दोन ओळी खोडू का, मॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, खोडू नकोस, प्रत्येक ओळीपुढे तो आकडा कुठून घेतला तेवढं लिही. तिने पहिल्या दोन ओळींपुढे लिहिलं. तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं, 'आजोबांचं कात्रण, ऑक्टोबर १९९३'.